वीजबचतीच्या सूचनांवर क्लिक भरपूर, पण युनिट कमी होत नाहीत

प्रश्न
घरगुती वीजबचतीचे उपाय सुचवणाऱ्या ॲपवर काम चालू आहे. स्मार्ट मीटरचं दर १५ मिनिटांचं रीडिंग मिळतं, रँकिंग कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंगने (सारख्या लोकांच्या पसंतीवरून सुचवण्याची पद्धत) होतं. जवळजवळ सगळ्यांना 'खोलीतून जाताना दिवा बंद करा' हेच सर्वात वर दिसतं. लोक क्लिक करतात, वापर मात्र जैसे थे. काय बदलावं?

उत्तर १
मॉडेल क्लिकवरून शिकतंय, म्हणून जे सगळ्यांना पटतं आणि बहुतेक जण आधीच करतात तेच वर येतं. प्रत्येक सूचनेखाली चार बटणं द्या: 'आधीपासून करतो', 'करणार', 'नंतर', 'शक्य नाही'. 'शक्य नाही' आलं की तो उपाय रँकिंगच्या आधीच गाळा. भाडेकरूला छताचं इन्सुलेशन सुचवलं की पुढच्या सूचना तो वाचतच नाही.
'आधीपासून करतो' या उत्तरांवर रॅश मॉडेल (चाचण्यांत प्रश्नाची अवघडता आणि माणसाची क्षमता एकत्र मोजणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) बसवा. उपायाची अवघडता आणि माणसाची तयारी एकाच पट्टीवर येते. तयारीच्या किंचित वरचे दोन-तीन उपाय दाखवा. नव्या माणसाला सोपे-अवघड मिळून सात-आठ उपाय विचारले की कोल्ड स्टार्टचा (नव्या माणसाची काहीच माहिती नसण्याचा) प्रश्नही बराचसा मिटतो.

उत्तर २
वरच्याला जोड: रँकिंग 'करण्याची शक्यता × वाचणारे युनिट' असं ठेवा. ६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज ५ तास जळत असेल, तर ३० दिवसांत ७.६५ युनिट वाचतात. स्टँडबायवर १० वॅट खाणारा सेट-टॉप बॉक्स रोज २० तास मेन स्विचवरून बंद ठेवला तर ६. लोकांना दुसरा आकडा खरा वाटत नाही, म्हणून गणित सूचनेतच दाखवा.
१५ मिनिटांच्या रीडिंगवरून उपकरण ओळखायला जाऊ नका. २००० वॅटची किटली ३ मिनिटं चालली तर सरासरीत फक्त ४०० वॅटची वाढ दिसते, आणि तेवढी वाढ कशानेही होऊ शकते. एक चुकीचा अंदाज दिसला की लोक बाकीचंही खरं मानत नाहीत. सतत चालू असलेला, स्टँडबायसारखा वापर ओळखायला रात्री २ ते ४ मधलं किमान रीडिंग मात्र भरवशाचं. फ्रिजचा काँप्रेसर चालू-बंद होतो, म्हणून एका नाही, बऱ्याच रात्रींचं बघा.

उत्तर ३
शेजाऱ्यांशी तुलना दाखवणार असाल तर जपून. कॅलिफोर्नियातल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांचा वापर उलट वाढला. सोबत हसरा चेहरा छापला तेव्हा ती वाढ थांबली.
आणि परिणाम क्लिकवर मोजू नका, आधी-नंतरच्या बिलावरही नको, त्यात हवामान मिसळतं. चिठ्ठ्या टाकून काही घरांना सूचना देऊच नका आणि त्याच महिन्यांतले युनिट ताडून बघा. तुलनेचे अहवाल पाठवून साधारण २ टक्के बचत होते. एवढा फरक शे-दोनशे घरांत दिसणार नाही, हजारोंच्या हिशेबाने घरं घ्या.