सॅक्सोफोन-पियानो सोनाटा: दुसरा विषय मूळ षड्जावर परत आणताना अडलो आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी कोल्हापूरचा. अल्टो सॅक्सोफोन आणि पियानो यांच्यासाठी एक सोनाटा, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीची अनेक भागांची वाद्यरचना, लिहीत आहे. सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ इथल्या लग्नाच्या बँडमध्ये बरीच वर्षे वाजवत आले आहेत. त्यांच्या बोटांना सोयीचे पडावे म्हणून षड्ज (सा) काळी दोनचा धरला आहे, कारण अल्टोवर ‘सी’ वाजवला की पियानोवरची काळी दोन ऐकू येते.

पहिला विषय, म्हणजे मुख्य सुरावट, भूप रागात आहे. सोनाटाच्या रूढ घाटात दुसरा विषय बहुधा पंचमाकडे (प) सरकतो, आणि भूपाच्या पंचमाला षड्ज मानले की मूर्च्छनेने, म्हणजे नुसता षड्ज बदलून, त्याच पाच स्वरांतून दुर्गा राग उभा राहतो. हा योग मला इतका मोलाचा वाटला की पहिला भाग मी त्याच्यावरच रचला. पियानोचा डावा हात सा-प धरून राहिला तर कानातून भूप जात नाही, म्हणून दुर्गाच्या वेळी खालचा आधार पंचमावर नेला आहे. इथपर्यंत समाधान आहे.

अडचण पुनरागमनात, म्हणजे दोन्ही विषय शेवटी पुन्हा येतात त्या भागात, आहे. रूढ सोनाटात दुसरा विषय शेवटी मूळ षड्जावर येतो आणि ताण सुटतो. माझ्याकडे मात्र दुर्गा मूळ षड्जावर आणताच भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार नाहीसा होतो आणि त्याच्या जागी शुद्ध मध्यम येतो, म्हणजे तोवर एकदाही न लागलेला स्वर नेमका घरी परतताना लागतो. क्रेस्टन (१९३९) आणि देनिसोव्ह (१९७०) या पाश्चात्त्य रचनाकारांचे याच दोन वाद्यांसाठीचे सोनाटा मी अभ्यासले, पण रागाचा षड्ज सांभाळण्याचा हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

एक मार्ग असा सुचतो की विस्ताराच्या, म्हणजे पुनरागमनाआधीच्या भागातच पियानोने मध्यमाची चाहूल द्यावी, म्हणजे पुढे तो परका वाटणार नाही. पण मग त्याच्या येण्यातले नवेपण जाते, आणि ते मला गमवायचे नाही. दुसरा मार्ग म्हणजे सॅक्सोफोनने मध्यमावरून मींडेने (स्वर न तोडता घसरत) गंधारावर यावे आणि तेवढा वेळ पियानोने ते दोन्ही स्वर टाळावेत, कारण पियानोच्या पट्टीला स्वरांमधली जागा दाखवता येत नाही. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या गावात राहून जोडराग (दोन राग जोडून केलेले राग) ऐकत आलेल्या माझ्या कानाला हा दुसरा मार्ग अधिक खरा वाटतो, कारण जोडरागात दोन राग नुसते शेजारी ठेवून भागत नाही, त्यांचा सांधा गाऊन दाखवावा लागतो.

शेवट मी सॅक्सोफोनच्या सर्वांत खालच्या षड्जावर, अगदी हळू केला आहे. त्या जागी स्वर हळू सुरू करणे वादकाला फार अवघड जाते, तो एकदम मोठ्याने फुटतो. तो षड्ज पियानोकडे सोपवून सॅक्सोफोनला वरच्या गंधारावर थांबवले, तर भूप परतल्याचे समाधान मिळेल का? सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांनी आणि रागसंगीत जाणणाऱ्यांनी कृपया सांगावे. हवे असल्यास त्या सोळा मात्रांची स्वरलिपी इथे देतो.