मांगा (जपानी कॉमिक) सुचवा : प्राण्यांना अक्कल येते आणि ते माणसांना हाकलतात (वय वर्षे १०)

रानजाई

नमस्कार मंडळी,

लेक पाचवीत आहे. डोरेमॉन तोंडपाठ, आणि सध्या वहीत स्वतःचं कॉमिक काढणं चालू आहे. त्यात सोसायटीतली भटकी कुत्री एका रात्रीत लिहाय-वाचायला शिकतात, जनरल बॉडी मीटिंग उधळून लावतात, चेअरमनकाकांना वॉचमनच्या केबिनमध्ये बसवतात आणि मेंटेनन्स स्वतः गोळा करायला लागतात. पावतीवर सहीच्या जागी पंजाचा ठसा. (काकांच्या मिशा इतक्या हुबेहूब आल्यात की वही घराबाहेर नेऊ देत नाही.)

आता बाईसाहेबांना ‘असलंच, पण छापलेलं’ हवं आहे. नुसते बोलणारे प्राणी चालणार नाहीत, ते म्हणे बाळांसाठी असतात. प्राण्यांना आधी बुद्धी यायला हवी आणि मग त्यांनी माणसांची सत्ता उलथवायला हवी.

इंग्रजी वाचते. हिंदी डबिंगमधले सिनेमेही चालतील. रक्ताचे सडे नकोत. नेटवरच्या याद्यांत शिशुवर्गापासून प्रौढांपर्यंत सगळं एकाच पंक्तीला बसवलेलं असतं, म्हणून इथे विचारते आहे.

फुकटचा_सल्ला

आपलं पंचतंत्र काय वाईट आहे? जपानपर्यंत कशाला जायचं?

दौत-टाक

धागा आवडला. वही कधी छापलीत तर एक प्रत माझी.

एक ढोबळ नियम सांगतो, बाकीची निवड सोपी होईल. लेखकाचं नाव बघू नका, मूळ कुठल्या मासिकात आलं ते बघा. जपानमध्ये मांगा सहसा आधी मासिकात-साप्ताहिकात येतो, पुस्तक मागाहून, आणि प्रत्येक मासिकाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. ‘कोरोकोरो कॉमिक’ प्राथमिक शाळेतल्या पोरांचं. ‘शोनेन संडे’, ‘शोनेन जंप’ त्यांच्या दादांचं. ‘बिग कॉमिक’ सरळ बापांचं. तुमच्या लेकीचा विषय तिन्हीकडे सापडतो, पण बंड कुठवर जाऊ द्यायचं ते मासिकागणिक बदलतं. लहानांच्या मासिकात कट शिजतो आणि ऐनवेळी फसतो. मोठ्यांच्या मासिकात प्राणी जिंकतात आणि माणूस गोठ्यात जातो.

डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांचंच बघा. डोरेमॉन सुरू झाला १९६९ च्या अखेरीस. त्याच वर्षी याच माणसाने ‘बिग कॉमिक’मध्ये ‘मिनोटॉरची थाळी’ नावाची छोटी कथा लिहिली. एक अंतराळवीर एका ग्रहावर उतरतो. तिथे राज्य बैलासारख्या दिसणाऱ्यांचं, आणि त्यांची गुरं म्हणजे हुबेहूब माणसं. मिनो नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडतो. तिची निवड मेजवानीतलं मुख्य पक्वान्न म्हणून झालेली असते आणि तिला त्याचा कोण अभिमान! हा पठ्ठ्या दारोदार फिरून अधिकाऱ्यांना पटवू बघतो की हे क्रौर्य आहे. ते सभ्यपणे ऐकून घेतात, पण त्याला नेमकं काय खुपतंय हेच त्यांच्या डोक्यात शिरत नाही. शेवटी सुटका होऊन परत निघाल्यावर तो यानात रडत रडत काय खातो? स्टेक. अफाट कथा आहे, पण दहाव्या वर्षी नको. ‘डोरेमॉनवाल्यांचं’ म्हणून कुणी हातात ठेवलं तर रात्री जागायची वेळ तुमच्यावर येईल.

लेकीसाठी त्यांचेच डोरेमॉनचे लांब पल्ल्याचे किस्से घ्या, म्हणजे ज्यांवर दरवर्षीचे सिनेमे निघाले ते. पहिला नंबर ‘नोबिता अँड द हॉन्ट्स ऑफ ईव्हिल’. सिनेमा १९८२ चा, २०१४ मध्ये पुन्हा नव्याने काढला. नोबिता एक भटकं कुत्रं घरी आणतो, पेको. आफ्रिकेच्या जंगलात, कायम धुक्याखाली झाकलेल्या भागात, कुत्र्यांचं अख्खं राज्य नांदत असतं आणि पेको निघतो तिथला राजपुत्र. तिथल्या कपटी प्रधानाला पुरातन शस्त्रं परत बनवून बाहेरचं जग, म्हणजे आपलं, जिंकायचं असतं. तुमच्या लेकीचा प्लॉट जवळपास हाच, फक्त सोसायटीऐवजी पृथ्वी.

यातली एक युक्ती मला अजून आवडते. भाकीत असतं की बाहेरून दहा जण येऊन राज्य वाचवतील. आलेत पाचच: नोबिता, शिझुका, जियान, सुनिओ आणि डोरेमॉन. सगळं संपलं असं वाटत असताना शिझुका एक यंत्र वापरते. ‘हे काम मी पुढे नक्की करीन’ असं त्याला वचन दिलं की फळ आत्ताच मिळतं. आणि मदतीला येतात ते भविष्यातले तेच पाच जण. पाच आणि पाच दहा. पोरं इथे उड्या मारतात.

खारूताई

दौत-टाक, +१. मी योकोहामात राहते, इथल्या मुलांच्या मांगात प्रत्येक कांजीशेजारी (चिनी वळणाचं चित्राक्षर) बारीक अक्षरात उच्चार छापलेला असतो. दुकानात पुस्तक उघडून तेवढं पाहिलं तरी वयाचा अंदाज येतो. इंग्रजी भाषांतरात ही सोय नाही, पण बऱ्याच प्रकाशकांच्या मागच्या कव्हरवर वयाची खूण असते. व्हिझ या प्रकाशकाच्या पुस्तकांवर ‘टी’ म्हणजे किशोरवयीन, ‘टी प्लस’ म्हणजे त्यातले मोठे, ‘एम’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी.

माझी भर: ‘वान-न्यान स्पेसटाइम ओडिसी’, २००४ चा डोरेमॉन सिनेमा. लोकांनी टाकून दिलेली कुत्री-मांजरं ठेवायची कुठे, म्हणून नोबिता त्यांना उत्क्रांतीच्या किरणांनी शहाणं करतो आणि माणूस जन्मायच्याही कितीतरी आधी, ३० कोटी वर्षं मागे नेऊन सोडतो. तिथे त्यांची शहरं उभी राहतात. खलनायक आहे नेकोजारा नावाचा बोका. त्याला भविष्यात येऊन माणसांचा सूड घ्यायचा असतो. तुम्ही आम्हाला रस्त्यावर टाकलंत, हा त्याचा मुद्दा. भटक्या कुत्र्यांवर लिहिणाऱ्या मुलीला बरोब्बर भिडेल. फुजिओ १९९६ मध्ये गेले, त्यामुळे हा त्यांच्या हातचा नाही, आणि शेवट जरा गोडमिट्ट आहे.

‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ (१९९०) मात्र त्यांचाच. त्यात प्रदूषण न करणाऱ्या शहाण्या प्राण्यांवर माणसासारखे दिसणारे निमुगे चाल करून येतात. म्हणजे उलटा डाव. दुसऱ्या फेरीत दाखवा.

रानजाई

बापरे, खजिनाच की! पेको ऐकून लेक आत्ताच नाचतेय. तेझुका या मांगाकारांचं नाव सगळीकडे दिसतं, त्यांचं काय घेऊ?

@फुकटचा_सल्ला, पंचतंत्र वाचून झालंय. तिचा आक्षेप असा की त्यातले प्राणी पहिल्या पानापासूनच हुशार असतात.

फुकटचा_सल्ला

मुलगी वकील होणार. तरी काकोलूकीयम् वाचायला द्या, कावळे घुबडांचं राज्य बुडवतात ते. हेरगिरी वगैरे सगळं आहे. माणसं नाहीत हे मान्य.

दौत-टाक

तेझुका जपून. या विषयावर त्यांच्याइतकं कुणी काढलं नसेल, पण त्यांच्या एका कपाटात सगळ्या वयांची पुस्तकं आहेत.

अगदी सुरुवातीचं १९४८ चं ‘भूमिगत माणसं’. यात मिमिओ नावाचा ससा आहे, प्रयोगातून माणसाची बुद्धी मिळालेला. लोक त्याच्या कानांना हसतात. तो जिवावर उदार होऊन सगळ्यांना वाचवतो आणि मरताना त्याला एवढंच विचारायचं असतं, की मी माणूस आहे ना? मुलांच्या कॉमिकात नायक असा मरतो हे तेव्हा नवीन होतं. इंग्रजीत निघालंय, पण चटकन हाती लागेलच असं नाही.

मग ‘जंगल सम्राट’, १९५० ते ५४, मुलांच्याच मासिकात. जहाजावर जन्मलेला पांढरा सिंह लिओ माणसांत वाढतो आणि आफ्रिकेत परतून प्राण्यांना माणसाची भाषा शिकवतो, शेती करायला लावतो, चक्क खानावळ काढतो. बंड नाही, पण प्राण्यांनी राज्य चालवायचं कसं याचा इतका खटाटोप दुसरीकडे बघितला नाही. आई म्हणून दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. एक, आफ्रिकन माणसांची चित्रं त्या काळच्या व्यंगचित्रांच्या वळणाची आहेत, आज डोळ्यांना बोचतात. शेजारी बसून बोलावं लागेल. दोन, शेवट रडवणारा आहे. बर्फात अडकलेल्या माणसाने जगावं म्हणून लिओ स्वतःचं मांस आणि कातडं देतो.

‘व्हँपायर्स’ (१९६६-६७, शोनेन संडे) नाव ऐकून रक्तपिपासू वाटतील, पण ही प्राण्यांत बदलणाऱ्या माणसांची जमात आहे. तोप्पेई नावाचा मुलगा पौर्णिमेचा चंद्र दिसला की लांडगा होतो, आणि जमात माणसांविरुद्ध क्रांती करायच्या बेतात असते. इथे खून आहेत आणि रॉक हा खलनायक थंड डोक्याचा आहे. बारा-तेरानंतर.

राहिलं ‘पक्ष्यांचा इतिहास’, १९७१ ते ७५. लेकीची मागणी अक्षरशः पूर्ण करणारं हेच एक. पक्ष्यांना अक्कल येते, ते आग वापरायला शिकतात, माणसाला खाली खेचून पाळीव जनावर करतात. आणि मग स्वतः जातपात, धर्म, लढाया सगळं आपल्यासारखंच करत बसतात. पण छापलं गेलं ‘एसएफ मॅगझिन’मध्ये, म्हणजे मोठ्यांच्या विज्ञानकथा मासिकात. माझा नियम लावा: घरात आणा, वरच्या फळीवर ठेवा, आणि तोवर तुम्ही वाचा. ‘टुमॉरो द बर्ड्स’ या नावाने इंग्रजीत मिळतं.

घोरपड_०७

हंटर एक्स हंटर या मांगातला चिमेरा अँट भाग कसा नाही कुणी सांगितला?? मुंग्यांची राणी जे खाईल त्याचे गुण पिलांत उतरतात, ती माणसं खायला लागते, आणि जन्मतो मेरुएम. आख्ख्या मांगात त्याच्या तोडीचा राजा नाही. टेरा फॉर्मर्सपण बघा, मंगळावरची झुरळं!

खारूताई

घोरपडराव, मुलगी दहा वर्षांची आहे. हंटर एक्स हंटरवर ‘टी प्लस’ आहे आणि त्या भागात मुलांनाही खातात. मेरुएम आणि आंधळी कोमुगी खेळाच्या पटासमोर बसतात ती पानं सुंदर आहेत यात वाद नाही, पण तिथवर पोचायला फार चिखल तुडवावा लागतो. टेरा फॉर्मर्स तर प्रौढांसाठीच.

कॉलेजातल्या कुणाला हवं असेल तर शुन उमेझावाचा ‘डार्विन इन्सिडेंट’ घ्या. चार्ली अर्धा चिंपांझी, अर्धा माणूस, आणि प्राणिमुक्तीवाले अतिरेकी त्याला आपल्यात ओढू बघतात. २०२२ चा मांगा ताइशो पुरस्कार याला मिळाला.

रानजाई

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: या शनिवारी पेको, मग नेकोजारा. दिवाळीच्या सुट्टीत लिओ, मी शेजारी बसून. पक्षी माझ्यासाठी मागवले. खर्च महिन्याला एका पुस्तकाइतकाच बसेल ना?

दौत-टाक

डोरेमॉनचे सिनेमे टीव्हीवर हिंदीत लागतच असतात, तिथे खर्च नाही. इंग्रजी पुस्तकं साधारण चार-पाचशेच्या पुढे, जाडजूड आवृत्त्या बऱ्याच महाग. तिला उजवीकडून डावीकडे वाचायची सवय आधी लावा, नाहीतर लिओ पहिल्याच पानावर मरेल.

अवांतर: तेझुकांचा पांढरा सिंह आणि डिस्नेचा सिंह (‘लायन किंग’) यांच्यातल्या साम्याचा वाद कृपया इथे नको. स्वतंत्र धागा काढा, मी येतो.