राउटर ठरवणार का, घरचं कोण?

घाटमाथा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला वाईहून आईचा फोन आला. "टीव्हीवर लिहून आलंय, हा टीव्ही तुमच्या घरातला नाही म्हणून. मग कुणाच्या घरातला गं?"

ओटीटी ॲपचं खातं माझ्या नावावर आहे. मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, आई वाईच्या घरात. पैसे मी भरते, बघतो दोघी. ॲपने माझ्या पुण्याच्या वायफायला 'घर' ठरवलं आणि आईला परकं केलं. खात्री करायचा कोड माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी हॉस्पिटलात रात्रपाळीला होते, मोबाइल लॉकरमध्ये. बघितला तोवर कोड बाद. असं लागोपाठ तीन रात्री झालं. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आता बरेच जण याच वाटेने निघाले आहेत.

ही पद्धत जगभर नेली ती नेटफ्लिक्सने, आणि त्यांचे नियम उघड लिहिलेले आहेत, म्हणून उदाहरण त्यांचं घेते. मार्च २०२२ मध्ये चिली, कोस्टा रिका आणि पेरूमध्ये चाचणी झाली, २० जुलै २०२३ ला 'एक खातं, एकच घर' हा नियम भारतात आला. त्यांच्या लेखी 'हाउसहोल्ड' म्हणजे खातेदार मुख्यतः जिथे बसून बघतो तिथल्या इंटरनेटला जोडलेली उपकरणं. ती ओळखायला आयपी ॲड्रेस (इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता), उपकरणाचा आयडी आणि खात्याचा वापर बघतात. जीपीएस घेत नाही असंही ते सांगतात. म्हणजे माझ्या घरात कोण मोडतं हे मला कुणी विचारतच नाही. ते राउटरला विचारतात.

आता आपल्या जनगणनेतली कुटुंबाची व्याख्या बघा. एरवी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं, कामाच्या निकडीमुळे कुणाला ते जमत नसेल तर तेवढा अपवाद. एका चुलीची माणसं. हा अपवाद कुणीतरी आपला देश बघून घातलेला आहे. गिरणगावातल्या खोलीत झोपून कोकणात मनीऑर्डर पाठवणारा माणूस त्याच्या गावच्या घरातलाच होता. मी वाईच्या घरातलीच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस कोण ते ओळखायचं असेल तर माणसाला विचारा. त्याच्या आजूबाजूला कुठली यंत्रं आहेत यावरून त्याचं नातं ठरवू नका.

हिशेबनीस

ताई, आईंना त्रास झाला याचं मलाही वाईट वाटलं. पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

तुम्ही विकत काय घेतलं? एका घरापुरतं पाहण्याचा हक्क. एकाच पावतीवर दोन घरांनी दूध घेतलं तर दूधवाला दोन घरांचे पैसे मागणारच. नेटफ्लिक्सने स्वतः सांगितलं होतं की जगभरात १० कोटींहून जास्त घरं दुसऱ्याच्या पासवर्डवर बघतात. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत त्यांचे २ लाख ग्राहक घटले. कंपनीने गप्प बसावं?

भारतात तर त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले होते. बेसिक प्लॅन ४९९ वरून १९९ रुपयांवर आला, मोबाइलचा १९९ वरून १४९ वर. त्यामुळेच 'जादा सदस्य' (थोडे जास्त पैसे भरून घराबाहेरच्या माणसाला खात्यात जोडणं) हा पर्याय इथे दिला नाही, असं कारण २०२३ मध्ये त्यांनीच दिलं. आईंसाठी वेगळं खातं घेणं परवडणार नाही असं तुम्ही म्हणणार नाही, एवढी खात्री आहे.

आणि 'माणसाला विचारा' म्हणजे कसं विचारायचं? आधार मागायचं? रेशनकार्ड अपलोड करायला लावायचं? सिनेमा बघायला रेशनकार्ड मागणाऱ्या ॲपपेक्षा वायफाय बघणारं ॲप मला कितीतरी सुसह्य वाटतं.

घाटमाथा

पैशाचा मुद्दा मान्य. मी १९९ भरेन. पण याच कंपनीने मार्च २०१७ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणं. सवय त्यांनी लावली आणि नंतर तीच चोरी ठरवली. ते तेवढ्यावर सोडते. माझा आक्षेप दराला नाही, ओळखीच्या पद्धतीला आहे. पैसे हवे असतील तर 'एका वेळी दोन स्क्रीन' अशी मोजणी करा, ती स्वच्छ आहे. कोण कुठे झोपतं ते कशाला शोधता?

जाळेविणकर

मी तालुक्याच्या ठिकाणी ब्रॉडबँड जोडणी देण्याच्या धंद्यात आहे, बारा वर्षं झाली. दोन्ही बाजूंच्या काही समजुती आधी सरळ करतो.

एक, 'ॲप माझ्या वायफायचा मॅक ॲड्रेस बघतं' असं खूप जण म्हणतात. मॅक ॲड्रेस म्हणजे घरातल्या जाळ्यात उपकरण ओळखायचा क्रमांक, तो राउटरच्या पलीकडे जातच नाही, सर्व्हरला तो दिसत नाही. शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून मोबाइल प्रत्येक वायफायवर वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात.

सर्व्हरला दिसतो तो आयपी. आणि इथेच सगळा घोळ आहे. आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी, अजून चालू असलेली पद्धत) चे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास. आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. आमच्यासारख्या छोट्या पुरवठादाराला मोजके पत्ते मिळतात, ग्राहक त्याच्या अनेक पटींनी. मग आम्ही सीजीनॅट लावतो, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अख्ख्या आळीला वाटून देतो. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातले आतले पत्ते २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवले गेले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाहेरून बघणाऱ्याला आमच्या आळीतली वीस घरं एकच घर दिसू शकतात. आणि ताईंच्या आईंनी लाइट गेल्यावर राउटर पुन्हा चालू केला की त्यांचंच घर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं दिसू शकतं. पावसाळ्यात वाई-महाबळेश्वर भागात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. ज्यांच्या लाइटचा भरवसा नाही, त्यांच्याच ओळखीचा भरवसा या पद्धतीत सगळ्यात कमी.

हिशेबनीस

माहिती उत्तम, दादा. पण तुम्हीच माझी बाजू बळकट केलीत. आयपी एकटा कच्चा आहे म्हणूनच कंपन्या त्याच्या जोडीला उपकरणाचा आयडी आणि वापराची पद्धत बघतात. एकाच वायफायवर रोज दिसणारा टीव्ही, दोन मोबाइल, एक टॅब हे चित्र महिनोन्महिने जमत जातं. मोबाइल प्रवासाला गेला तरी अधूनमधून घरी येतो, त्यामुळे तो घरचाच धरतात. पोरं सुट्टीला घरी आल्यावर हजेरी लागते तसं.

जाळेविणकर

आईंचा टीव्ही भिंतीवर ठोकलेला आहे. तो पुण्याला हजेरी लावायला कसा जाणार?

आणि चित्र जमत जातं म्हणालात, तीच दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. घरातल्या मोबाइलमधलं ॲप आतूनही बघू शकतं. टीव्ही, प्रिंटर, स्पीकर, बल्ब ही उपकरणं एकमेकांना सापडावीत म्हणून सतत हाका मारत असतात, 'मी इथे आहे, माझं नाव हे, माझा नंबर हा.' एमडीएनएस आणि यूपीएनपी म्हणतात ते हेच. मोबाइलवरून टीव्हीवर चित्र पाठवता येतं ते यामुळेच. पण या हाका ऐकणारं कुठलंही ॲप घरात काय काय आहे याची यादी करू शकतं. २०२३ मध्ये स्पेनमधल्या इमडिया नेटवर्क्स आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी ९३ उपकरणं तपासून दाखवलं की या गप्पांमधून उपकरणांची नावं आणि कायमचे क्रमांक बाहेर पडतात, आणि त्यावरून एखादं घर लाखोंत वेगळं ओळखू येऊ शकतं. आयफोन २०२० पासून त्यासाठी परवानगी विचारतो. तिथे आपण सगळे न वाचता 'अलाउ' दाबतो.

नेटफ्लिक्स हे करतं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण 'घर ओळखा' ही गरज एकदा मान्य झाली की पुढचं ॲप हाच रस्ता धरणार, ही माझी भीती आहे.

बँकेतला

मी एका सहकारी बँकेत आहे. उपकरणावरून ओळख पटवणं म्हणजे काहीतरी वाईट, असा सूर धाग्यात लागतोय, तो मला पटत नाही. यूपीआय कशावर चालतं? ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एसएमएस जातो आणि तो मोबाइल त्या नंबराशी बांधला जातो. त्यामुळेच माझा पिन कुणाला कळला तरी त्याला त्याच्या मोबाइलवरून माझे पैसे काढता येत नाहीत. ओटीपी सांगून फसलेली माणसं रोज आमच्या काउंटरवर रडताना मी बघतो. बहुतेक साठीच्या पुढची असतात. कुणी विचारला म्हणून ओटीपी सांगता येतो, मोबाइल असा फोनवरून देता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांतही किमान दोन घटकांनी खात्री करायला सांगितलं आहे, आणि जोखीम जोखायला ठिकाण, उपकरण, नेहमीची वागणूक बघायला वाव दिला आहे. माझ्या आजीच्या खात्याला हे कुंपण असावं असंच मला वाटतं.

घाटमाथा

दादा, हा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस विचार केला. तुमचं खरं आहे, आणि मी मूळ लेखात सगळी यंत्रं एकाच टोपलीत घातली ती चूक झाली.

पण यूपीआयमध्ये मोबाइल ही माझ्याकडची वस्तू आहे आणि पिन ही मला माहीत असलेली गोष्ट. वायफाय यातलं काहीच नाही. वायफाय सांगतं माझ्या शेजारी कोण आहे. शेजार ही ओळख नव्हे. मी आईच्या उशाशी नसले म्हणून तिची लेक नाही असं होत नाही, आणि माझ्या फ्लॅटमधल्या रूममेटला आई ओळखतसुद्धा नाही, तरी राउटरच्या हिशेबात ती माझ्या 'घरातली' आहे.

शिवाय बँक दुप्पट खात्री करते ती माझे पैसे वाचवायला. इथे खात्री होते कंपनीचे पैसे वाचवायला, आणि त्रास निस्तरायचा आईने. चूक झाली तर बँकेत काउंटर आहे, तिथे तुम्ही बसता. टीव्हीवरच्या पाटीला काउंटर नसतो.

उंबरठा

मी नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांबरोबर काम करते. एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

कोड जातो तो खातेदाराच्या ईमेलवर किंवा नंबरवर. बहुतेक घरांत खातेदार पुरुष. माहेरी आलेल्या बाईने लेकराला कार्टून लावून दिलं की तिकडे नवऱ्याला कळतं, आज, या वेळी, नवीन ठिकाणाहून. खात्याच्या पानावर उपकरण आणि साधारण शहरही दिसतं. पासवर्ड चोरीला गेला तर कळावं म्हणून दिलेली ती सोय आहे, चांगलीच आहे. पण पत्ता लपवून राहणाऱ्या बाईला ती धोक्याची ठरते. मी आता पहिल्या भेटीत विचारते, 'ताई, मोबाइलवर कुणाकुणाच्या नावाची खाती चालू आहेत?'

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. संमती ठरावीक कारणासाठी आणि समजून-उमजून दिलेली हवी असं त्यात आहे. खातेदाराने 'मान्य' दाबलं. त्या बाईला कुणी विचारलं?

टोरांटोकर

कॅनडात हा नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. इथे जादा सदस्य घेता येतो, तेव्हा महिन्याला ७.९९ डॉलर होते. मी आनंदाने नाशिकच्या आईबाबांना जोडायला गेलो. जमलं नाही, जादा सदस्य खातेदाराच्याच देशात असावा लागतो. हिशेबनीस साहेब, इथे मी पैसे द्यायला तयार होतो.

हिशेबनीस

उंबरठा ताईंचा प्रतिसाद वाचला. तो मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. खातेदाराला कोड जाण्याऐवजी प्रत्येक प्रोफाइलला स्वतःचा नंबर जोडता यावा, ही मागणी मी तरी करेन. पैसे एका घराचे घ्या, पण चाव्या प्रत्येकाच्या हातात द्या.

बाकी मत कायम आहे. दोन गावं, दोन बिलं.

घाटमाथा

कळवायचं राहिलं. मी १९९ चं दुसरं खातं घेतलं नाही. खातंच आईच्या नंबरावर केलं आणि तिच्या टीव्हीवरून 'घर' वाईचं ठरवलं. परवा रात्री माझ्या पुण्याच्या टीव्हीवर ती पाटी आली. आईला फोन केला. तिने चष्मा शोधला, चार आकडे सावकाश दोनदा वाचून दाखवले, आणि विचारलं, "जेवलीस का?"