दोन लेकरं, एक शनिवार आणि म्हणे 15 हजार रुपये

कात्रजचा बाबा

सोसायटीच्या पालकगटावर परवा एक पोस्ट फिरली आणि वाचल्यापासून डोकं तापलंय. मजकूर थोडक्यात असा: "दोन लहान मुलं असतील तर 15 हजारांच्या खाली वीकेंड होतच नाही. एसटी, डबा, सतरंजी हे आपल्या लहानपणी ठीक होतं. आता वर्षातून एकदा चांगलं रिसॉर्ट करा, बाकीचे रविवार मॉलमध्ये काढा." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं तर भांडण जिन्यात येईल, म्हणून इथे लिहितोय.

हिशेब मांडतो. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 5 ते 12 वयाच्या मुलांना अर्धं. पाचच्या आतल्याला तिकीटच नाही. म्हणजे मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, असे चौघं दोन तिकिटांत जातो. जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढलं, तरी स्वारगेटहून वाई अजूनही आवाक्यात आहे. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, रिक्षाने मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईहून आलेली ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा. मुलं घाटाच्या पायऱ्यांवरून हलायला तयार नसतात.

तेवढंही जायचं नसेल तर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेणी बघा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. आमच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तर अख्खा दिवस जातो (बुधवारी जाऊ नका, बंद असतं). मुलांना हे आवडत नाही असं जे म्हणतात, त्यांनी मुलांना नेलंय का हो कधी?

मला राग खर्चाचा नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल जावं. पण "परवडत नाही म्हणून घरीच बसा" हे गटावरच्या नव्या आईबापांना सांगणं मला चुकीचं वाटतं. आमच्याच मजल्यावर दोन घरं अशी आहेत की ज्यांनी ते खरं मानलंय.

नेरळ लोकल

शंभर टक्के सहमत. मुंबईकरांसाठी राणीची बाग सांगतो. पेंग्विन आल्यावर 2017 मध्ये दर वाढवले, पण तेव्हाही आई, बाबा आणि दोन मुलं अशा कुटुंबाला 100 रुपये ठेवले होते. भायखळ्याला उतरून चालत जाता येतं. इथेही बुधवारी सुट्टी.

आणि माथेरान! लोकलने नेरळ, वर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी, पुढे अमन लॉज स्टेशनवरून गावापर्यंत छोट्या गाडीची शटल. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, शटल मात्र चालू असते. दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी असल्याने मुलांचा हात सोडून चालता येतं. तेवढ्यासाठी मी कुठलंही रिसॉर्ट सोडीन.

फक्त एक तक्रार नोंदवतोच. रेल्वेने 21 एप्रिल 2016 पासून 5 ते 12 वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लावलं. आधी अर्ध्या भाड्यात बर्थ मिळायचा. कोकणात जाताना आठ वर्षांच्या मुलीला रात्रभर कुशीत घेऊन झोपायचं की मोठ्या माणसाचं भाडं भरायचं? यावर कुणीच बोलत नाही. स्वस्त सहलीचा कणा होता तो अर्ध्या भाड्यातला बर्थ.

दोन पिल्लांची आई

कात्रजचे बाबा, हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक माणूस फुकट राबतोय आणि तो तुम्ही लिहिलेला नाही.

पाचच्या आतल्याला तिकीट नाही, म्हणजे त्याला सीटही नाही. तो वाईपर्यंत कुणाच्या मांडीवर असतो? शनिवारी सकाळी स्वारगेटच्या गर्दीत डायपरची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेलं पोर घेऊन कोण चढतं? आणि त्या आधी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या कोण लाटतं? मेणवलीच्या घाटावर डबा उघडला की सगळे म्हणतात, काय मजा येते नाही! परत आल्यावर तेलकट डबे, चिखलाचे कपडे आणि सोमवारचं ऑफिस.

मी नोकरी करते. मला आठवड्यात तेवढेच दोन दिवस मिळतात. रिसॉर्टमध्ये मी ताटावर बसते आणि कुणीतरी वाढतं. त्याचे पैसे जातात, बरोबर. तुमच्या सहलीत तेच काम फुकटात होतं, म्हणून ती स्वस्त दिसते.

साताऱ्याची आजी

अगं बाई, आम्ही चार पोरं आणि सासू घेऊन एसटीने गणपतीपुळ्याला जायचो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कुणी तक्रार केली नाही. आताच्या मुलींना दोन पुऱ्या लाटायच्या तरी रिसॉर्ट हवं. हाताने केलेला डबा मुलांच्या अंगी लागतो, हे कसं विसरता?

दोन पिल्लांची आई

आजी, तुम्ही वयाने मोठ्या आहात, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तक्रार केली नाही, की करायची सोय नव्हती? दशम्या करायच्या का, असं तुम्हाला कुणी विचारलं होतं? "दोन पुऱ्या" म्हणताना तुम्हालाही माहीत आहे की त्या दोन नसतात.

सह्याद्रीत भटका

पुन्हा बाई-पुरुष! विषय स्वस्त सहलीचा होता. प्रत्येक धागा इथेच का येऊन थांबतो? डबा नको तर सिंहगडावर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही घ्या. गडावरच्या बायकांना चार पैसे मिळतील. पण कृपा करून चिप्सची पाकिटं खाली आणा. गेल्या पावसाळ्यात पुणे दरवाज्याच्या वाटेवर इतका कचरा होता की…

दोन पिल्लांची आई

विषय स्वस्ताईचाच आहे. स्वस्त कुणाच्या जिवावर, एवढंच विचारलं. त्याला विषयांतर म्हणायचं असेल तर म्हणा.

हिंजवडी शिफ्ट

रिसॉर्टच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. ती पोस्ट माझी नाही, पण पटली. मला वर्षात मोजक्या सुट्ट्या मिळतात. त्यात मला दोन गोष्टी हव्या असतात, स्वच्छ संडास आणि मुलांसाठी सुरक्षित पाणी.

मुलीचं डायपर सुटलं त्या वर्षी आम्ही एका प्रसिद्ध ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. स्वच्छतागृहाला कुलूप, चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. तीन वर्षांची मुलगी अर्धा तास पोट धरून रडत होती, शेवटी आडोसा शोधला. पुढे कितीतरी महिने ती बाहेर शू करायलाच घाबरायची. कात्रजचे बाबा, या गोष्टीचा भाव तुमच्या दोन तिकिटांत कुठे धरलाय?

आणि पाणी. जून 2024 मध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, मुलंसुद्धा. तीही स्वस्त सहलच होती.

कात्रजचा बाबा

भुशीचा दाखला इथे देणं मला अजिबात आवडलं नाही. ते लोक वाहून गेले ते स्वस्तात फिरायला आले म्हणून नव्हे. पावसाळ्यात प्रवाहात उतरणं वाईट, मग येताना आगगाडीने या की महागड्या गाडीने. लहान मुलं असताना जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्याच्या पात्राकडे फिरकायचंच नाही, हे मीच दहा वेळा सांगीन.

संडासाचं मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग मागणी संडासाची करू ना आपण! 15 हजार भरून आपल्यापुरता स्वच्छ संडास विकत घ्यायचा आणि बाकीच्यांना घरी बसा सांगायचं, हा तोडगा झाला का?

वेरूळचा माणूस

कात्रज, वाई, माथेरान. महाराष्ट्र खंबाटकीपाशी संपतो का? आमच्याकडे वेरूळ आहे. मोठ्यांना 40 रुपये तिकीट, मुलांना फुकट. कैलास लेण्यात मुलांना पुढे सोडायचं आणि हत्ती शोधायला सांगायचं, दोन तास कुठे जातात कळत नाही. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. एप्रिल-मेमध्ये लहान मुलं आणू नका, दगड तापतो, नोव्हेंबर ते जानेवारी या.

आमची अडचण पैशांची नाहीच. दुपारनंतर परतीच्या गाड्या कमी आणि मुलं पेंगुळलेली. शेवटी वडाप (खासगी जीप) करावी लागते आणि तिथे कोंबून बसवतात. तुमचा एसटीचा हिशेब स्वारगेटवर जुळतो, आमच्या फाट्यावर जुळत नाही.

नेरळ लोकल

डब्यावरून आठवलं. एका वॉटरपार्कच्या दारात सुरक्षारक्षकाने आमच्या दीड वर्षाच्या पोराच्या मऊ भाताचा डबा काढून घेतला. "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत." आत त्याला देण्यासारखं काय होतं? तळलेले बटाटे. बायकोने वाद घालून डबा परत मिळवला. हे ज्यांना आरामाचं ठिकाण वाटतं, त्यांनी तिथे लहान मूल घेऊन जाऊन बघावं.

दोन पिल्लांची आई

हे मान्य. डबा करायची सक्ती नको आणि न्यायची बंदीही नको. पण बघा, तिथेही वाद बायकोनेच घातला.

साताऱ्याची आजी

रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते. नव्हतं विचारलं गं मला कुणी. एकदा गणपतीपुळ्याहून येताना डबा पुरला नाही, तर मी पोरांना दिलं आणि घरी येऊन खिचडी टाकली. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तरी तुझं बोलणं मला लागलं, हेही सांगते.

आता मी सुनेला डबा करू देत नाही. आम्ही केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला जातो. तिथे महाप्रसाद असतो, फुकट, पोटभर. रांगेत सगळे सारखे, नातवंडं पानात काही टाकत नाहीत. तिथून नारायणपूर जवळ. चप्पल काढून ठेवताना मुलांना मोजे घाला, फरशी तापते.

सह्याद्रीत भटका

आजी, हे आवडलं. देवळांचा मुद्दा राहिलाच होता. त्यात एक भर घालतो. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी लोकांसाठी खुल्या असतात. शाळेची मुलं आपापले प्रयोग मांडतात. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगली सहल मला माहीत नाही.

हिंजवडी शिफ्ट

28 फेब्रुवारी शनिवार-रविवारी आली तर. नाहीतर पुन्हा रजा. पण खोडदचं ठरवतो, मुलीला ताऱ्यांचं वेड आहे. रिसॉर्टवरचं माझं मत तेच आहे.

कात्रजचा बाबा

असू दे. मी कुणाचं रिसॉर्ट बंद करायला निघालो नव्हतो.

दोन पिल्लांची आई, मांडीचा मुद्दा घेतला. जाताना तुमची मांडी, येताना नवऱ्याची, आणि डबा ज्याची पाळी त्याचा. पाळी जमत नसेल तर वाईत मिसळ खा, काही बिघडत नाही. पण यावरून 15 हजार सिद्ध होत नाहीत.

दोन पिल्लांची आई

15 हजार मला सिद्ध करायचेच नव्हते. पाळी लावायची हे पुरुषाच्या हातून लिहिलेलं वाचायचं होतं. आता ते तुमच्या त्या पालकगटावरही टाका, भांडण जिन्यात आलं तरी.

नवीन सभासद 2

धागा पूर्ण वाचला. आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, गाडी नाही, राहायला कल्याणला. बाबागाडी घेऊन राणीच्या बागेत फिरता येतं का, की कडेवरच घ्यावं लागतं?

नेरळ लोकल

आतले रस्ते सपाट आहेत, बाबागाडी चालते. त्रास लोकलमध्ये होईल. घडी होणारी असेल तरच न्या, आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागा. संध्याकाळच्या कल्याण गाडीत तिला जागा मिळणार नाही.