सिबुलकोव्हा एका स्पर्धेपुरती नव्हती

२०१४ ची ऑस्ट्रेलियन ओपन सोडली तर स्लोव्हाकियाची टेनिसपटू डोमिनिका सिबुलकोव्हा हिच्या नावावर फारसं काही नाही, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. त्या स्पर्धेत शारापोव्हा, हालेप, राडवान्स्का यांना हरवून ती अंतिम फेरीत गेली आणि ली नाकडून ७-६, ६-० अशी हरली, हे खरं. पण तिचं २०१६ हे वर्ष बघा ना!

आदल्या वर्षी टाचेच्या स्नायुबंधावर शस्त्रक्रिया झाली, क्रमवारीत ती पन्नासच्या बाहेर फेकली गेली. तिथून कातोविस, ईस्टबोर्न, लिंझ अशा स्पर्धा जिंकत ती वर्षअखेरच्या सिंगापूरच्या स्पर्धेला (वर्षभरातल्या अव्वल आठ खेळाडूंची डब्ल्यूटीए फायनल्स) पात्र ठरली. तिथे आधी गटात प्रत्येकीचे तीन सामने होतात; त्यातले पहिले दोन्ही ती हरली. तिसऱ्यात हालेपला हरवलं, उपांत्य फेरीत कुझ्नेत्सोव्हाला, आणि अंतिम सामन्यात तेव्हाच्या अव्वल कर्बरला ६-३, ६-४. शेवटच्या गुणाला तिचा फटका नेटच्या पट्टीला लागला आणि चेंडू पलीकडे कर्बरच्या बाजूला पडला. नशीब म्हणा हवं तर, पण तोवर प्रत्येक चेंडूवर तुटून पडत सामना तिनेच खेचून आणला होता.

उंची जेमतेम १६१ सेंटीमीटर. एवढ्या उंचीत सर्व्हिसवर फुकटचे गुण फारसे मिळत नाहीत. सगळं पायांच्या आणि फोरहँडच्या जोरावर. त्याच जोरावर ब्रातिस्लाव्हाची ही मुलगी मार्च २०१७ मध्ये जगात चौथी झाली. २०१९ मध्ये निवृत्त झाली तेव्हा एकेरीची आठ विजेतेपदं तिच्या नावावर होती.