क्रमशः प्रेमकथेतले मध्यरात्रीचे लग्न आणि चर्चचे नियम

वाचनवेडी
जुन्या चर्चभोवती फिरणारी ती क्रमशः प्रेमकथा आपल्यापैकी बरेच जण वाचत असतील. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, गाव कॅथलिक, नायिका सधन घरातली, नायक चर्चच्या मनोऱ्याची डागडुजी करायला आलेला गवंडी, आणि या दोघांच्या आड आलेला तिचा थोरला भाऊ. ताज्या भागात दोघांनी मध्यरात्री रिकाम्या चर्चमध्ये, एकट्या वृद्ध फादरांसमोर, लग्न केले आणि वाचकांत सरळ दोन तट पडले. एका गटाला हा प्रसंग कथेचा कळस वाटतो, तर दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, हे लग्न चर्चने मानलेच नसते. माझे विचारणे एवढेच आहे की, त्या काळी असे लग्न ग्राह्य ठरले असते का, आणि ठरत नसेल तर प्रेमकथेच्या वाचकाने त्याची फिकीर का करावी?

जुने दप्तर
पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये काढलेल्या आदेशानुसार, लग्नाआधी लागोपाठच्या तीन सणांच्या दिवशी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी वधूवरांची नावे जाहीर करायची असत, आणि लग्न तिथल्या धर्मगुरूसमोर, किंवा त्याची अथवा बिशपची परवानगी असलेल्या दुसऱ्या धर्मगुरूसमोर, किमान दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत व्हावे लागे. नावे जाहीर करण्यातून बिशप सूट देऊ शकत असे आणि ती जाहीर झाली नाहीत एवढ्यावरून लग्न रद्द होत नसे. साक्षीदार नसतील तर मात्र लग्न झालेच नाही असे मानले जाई. हा आदेश ज्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका धर्मगुरूच्या हद्दीत, रीतसर जाहीर झाला होता तिथेच तो लागू होता, त्यामुळे लेखिकेला पळवाट आहे. पण कथेतले गाव पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असल्याचे तिनेच सांगितले असल्याने ती पळवाट फारशी कामाची नाही.

आता यातली गंमत पाहा. त्याच आदेशात असेही म्हटले आहे की, आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले लग्न केवळ त्या कारणाने रद्द ठरत नाही. म्हणजे ज्या भावाच्या नकारावर कथेचे इतके भाग बेतले आहेत, त्या नकाराला चर्चच्या कायद्यात काडीची किंमत नव्हती. खरी अडचण होती ती दोन साक्षीदारांची. भावाच्या शेतावर राबणाऱ्या, त्याच्या कर्जात बुडालेल्या त्या गावात त्याच्या विरोधात उभे राहायला कोण दोघे पुढे येतील, या प्रश्नात तीन भागांचा ऐवज होता. तो लेखिकेने एका रात्रीत उधळून टाकला.

आडवाट
वरच्या प्रतिसादाला थोडी पुरवणी जोडतो. त्या नियमाप्रमाणे धर्मगुरूने केवळ हजर असणे पुरेसे होते, त्याची खुशी असलीच पाहिजे असे नव्हते. म्हणून धर्मगुरूला अचानक गाठायचे, दोन साक्षीदारांदेखत ‘ही माझी बायको’, ‘हा माझा नवरा’ एवढे घाईघाईने बोलून टाकायचे, असे प्रकार खरोखर होत. मान्झोनी या इटालियन लेखकाच्या कादंबरीत नायक-नायिका नेमका हाच प्रयत्न करतात आणि भेदरलेला धर्मगुरू नायिकेचे वाक्य पुरे होण्याआधीच टेबलावरचे कापड तिच्या तोंडावर टाकतो. चर्चच्या १९०७ च्या आदेशाने ही वाट बंद केली आणि धर्मगुरूने स्वतः, कुणाच्या दबावाविना, दोघांची संमती विचारून घेणे सक्तीचे केले. आपल्या कथेचा काळ त्याच्या आधीचा आहे, म्हणजे फादर घाबरट असते तरी चालले असते. ते इतके मायाळू दाखवल्यामुळे त्या प्रसंगातली धाकधूकच गेली.

मुखपृष्ठ
मला हा सगळा खल थोडा अन्यायाचा वाटतो. दर आठवड्याला एक भाग लिहून देणाऱ्या लेखिकेने धर्मपरिषदांचे आदेश चाळत बसावे, ही अपेक्षा जास्तच आहे. त्या भागात नायक ओल्या चुन्याने पांढरे पडलेले हात वेदीपुढे जाण्याआधी सदऱ्याला पुसतो आणि ते तरीही पांढरेच राहतात, हे एक वाक्य मला साक्षीदारांपेक्षा मोलाचे वाटले. शिवाय वाचकांच्या मागण्यांपुढे क्रमशः लिहिणाऱ्याने किती वाकायचे, हाही प्रश्न आहेच. १८४०-४१ मध्ये डिकन्सची एक कादंबरी साप्ताहिकातून येत होती, तेव्हा तिची नायिका छोट्या नेलला मारू नका म्हणून वाचकांची पत्रे येत होती. तिचे शेवटचे दिवस एका जुन्या चर्चशेजारीच जातात, आणि डिकन्सने कुणाचेही न ऐकता तिला तिथेच मरू दिले. आपण लेखिकेला तिची कथा तिच्या पद्धतीने सांगू द्यावी.

जुने दप्तर
मुखपृष्ठ, चुन्याच्या हातांचे वाक्य मलाही फार आवडले. पण ते आवडण्याचे कारण तरी काय? ते हात गवंड्याच्या रोजच्या कामातून आलेले आहेत. चर्चच्या वाट्याला मात्र मेणबत्त्या, रंगीत काचा आणि धुके एवढेच आले आहे. माझा आग्रह कायद्याच्या पांडित्याचा नाही; ज्या वास्तूत कथा घडते त्या वास्तूचे रोजचे कामकाज कथेत उतरावे, इतकाच आहे.

कंदील
मला लग्नापेक्षा आधीचे दोन प्रसंग जास्त खटकले. पहिला लहान आहे. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी नायक घंटेचे तीन टोल देऊन नायिकेला खूण करतो. आदल्या दिवशीच्या, म्हणजे पवित्र गुरुवारच्या, मिस्सेतल्या ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीतानंतर थेट ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत घंटा वाजवत नाहीत, त्यामुळे ते टोल ऐकून नायिकाच नव्हे, सगळे गाव धावत आले असते.

दुसरा गंभीर आहे. भाऊ नायकाला मनोऱ्यावरून ढकलण्याचा बेत फादरांजवळ पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) बोलतो आणि फादर दुसऱ्याच दिवशी नायिकेला सावध करतात. पापनिवेदनात ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करून मठात आजन्म प्रायश्चित्त करायला लावावे, असे चर्चच्या १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेनेच ठरवले होते. कुणाचा जीव वाचवण्यासाठीही यात सूट नाही. म्हणजे फादर सगळे जाणून आहेत, समोर तो तरुण रोज परांचीवर चढतो आहे, आणि त्यांना अवाक्षर काढता येत नाही! हा पेच लेखिकेच्या हाती आयता आला होता आणि तिने तो एका संवादात सोडवून टाकला. मुखपृष्ठ म्हणतात तशी सवलत घंटेच्या चुकीला मी देईन, याला नाही.

मुखपृष्ठ
पापनिवेदनाचा मुद्दा मान्य आहे. तिथे मलाही ती सुटका फार सोपी वाटली होती, कारण मात्र सांगता येत नव्हते. साक्षीदारांबाबत माझे मत तेच आहे.

वाचनवेडी
सर्वांचे आभार. लेखिका प्रत्येक भागाखालच्या प्रतिक्रियांना उत्तरे देते, तेव्हा पुढचा भाग आला की साक्षीदारांबद्दल तिलाच विचारीन. त्या रात्री वाद्यपेटीमागे चर्चचा सेवेकरी झोपला होता असा ओझरता उल्लेख पहिल्या परिच्छेदात आहे. तो जागा असेल तर एक साक्षीदार मिळाला, दुसरा अजून शोधावा लागेल.