जेली म्हणजे केवळ स्तुतिपाठक नव्हेत

पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या जेली, म्हणजे पिढीजात गायकांना, अनेकदा राजदरबारी स्तुतिपाठक म्हटले जाते. ते खोटे नसले तरी फार अपुरे आहे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. मालीतील मांदे समाजात जेलीचे काम जन्माने ठरते. कुयाते, दियाबाते अशा घराण्यांनी इतर कुळांच्या वंशावळी मुखोद्गत ठेवायच्या, लग्नाची बोलणी करायची, तंटे मिटवायचे आणि तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केईताची गाथा पुढच्या पिढीच्या स्वाधीन करायची, अशी ही जबाबदारी आहे. म्हणूनच सुंजाताचे वंशज मानल्या जाणाऱ्या कुळातील मालीचे गायक सालिफ केईता यांनी गायनाची वाट धरली तेव्हा, राजकुळातील माणसाने गाणे शोभत नाही, असा विरोध त्यांना घरातूनच सोसावा लागला.

जेलींच्या कोरा या तंतुवाद्याबद्दलही सांगायला हवे. मोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर ताणलेले गाईचे कातडे, लांब दांडा आणि 21 तारा, एवढ्यावर वादक केवळ दोन अंगठे व दोन तर्जन्या वापरून खर्ज, आवर्तन आणि त्यावरचा मुक्त विस्तार एकाच वेळी उभा करतो. 2024 मध्ये दिवंगत झालेले मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते यांचे एकल वादन ऐकताना हे तीन पदर वेगवेगळे ओळखू येतात. प्रत्येकाने ते निवांतपणे ऐकावे. हे वादन परंपरेने पुरुषांकडे आणि गायनाचा मोठा वाटा स्त्रियांकडे राहिला. मूळच्या गांबियातील कोरावादक घराण्याच्या सोना जोबार्ते यांनी स्त्री असून स्वतः कोरा वाजवत ती चौकट ओलांडली, हे मला अतिशय मोलाचे वाटते.